४२९४९६७२९७ : मूळ असल्याचा आव आणणारी संख्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव, ही संख्या मूळ आहे का? स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम म्हणतो, ‘मूळही नाही, संयुक्तही नाही’. दुसरं एक साधन म्हणतं, ‘बहुधा मूळ’. शिवाय या संख्येला आणखी कोणकोणती विशेषणं लागतात, ती कुठल्या वर्गात बसते, हेही हवं आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. ती मूळ नाही. ६४१ × ६७००४१७ = ४२९४९६७२९७. पण दोन्ही यंत्रांनी चुकावं अशीच ही संख्या आहे आणि दोघांच्या चुकीची कारणं वेगवेगळी आहेत.

तुमच्या प्रोग्रॅमचं कारण सोपं आहे. ही संख्या म्हणजे २^३२ + १ (२^३२ म्हणजे २ चा ३२ वा घात). बत्तीस बिटांच्या खणात (संगणक संख्या ठेवतो ती ठरावीक मापाची जागा) ० पासून २^३२ − १ पर्यंतच्या संख्या मावतात. २^३२ टाकलं की खणात ० उरतो आणि २^३२ + १ टाकलं की उरतो १. तुमच्या प्रोग्रॅमने ती चार अब्जांची संख्या पाहिलीच नाही, त्याने १ पाहिला. आणि १ मूळही नाही, संयुक्तही नाही, हे उत्तर अगदी बरोबर आहे! प्रश्न खणात शिरतानाच बदलला, एवढंच.

‘बहुधा मूळ’कडे नंतर येतो. ते प्रकरण जास्त खोल आहे.

एखादी मोठी संख्या समोर आली की मी तिचे अंक बघत नाही, तिची घडण बघतो. इथे घडण २^३२ + १ आहे आणि ३२ हा स्वतःच २ चा पाचवा घात आहे. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पहिल्या पाच, शून्यापासून मोजल्या तर फ-० ते फ-४. या पाचही मूळ आहेत. आपली संख्या फ-५, मालिकेतली सहावी. १६४० च्या सुमारास फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात असं पत्रांतून लिहिलं. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं होतं. पुढे गोल्डबाखने १७२९ मध्ये ऑयलरला त्याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ऑयलरने ६४१ हा विभाजक काढून दाखवला. फर्माचं अनुमान पाचावरून सहाव्यावर जाताना कोसळलं.

६४१ सापडला कसा? आंधळेपणाने भागत सुटलं तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या वाटेत आहेत. (६४१ त्यात लवकर येतो हे खरं, पण ते आधी कुणाला ठाऊक असतं?) घडण वापरली की मात्र काम हातावर मोजण्याइतकं होतं. समजा मूळ संख्या प आपल्या संख्येला निःशेष भागते. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते आणि वर्ग केल्यावर २^६४ ची बाकी १. म्हणजे २ चे घात घेत गेलं तर बाकी १ पहिल्यांदा नेमकी ६४ व्या घाताला येते, त्याआधी नाही. आणि हा आकडा प − १ ला भागतोच. म्हणून प हा ६४क + १ याच साच्याचा असायला हवा. ऑयलरने या साच्याची सिद्धता नंतरच्या लेखात दिली. पुढे ल्युकाने १८७८ मध्ये हा साचा आणखी आवळून १२८क + १ केला.

१२८क + १ मध्ये क = १, २, ३, ४, ५ घालून बघा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ आणि ५१३ ला ३ ने भाग जातो, ३८५ ला ५ ने. २५७ मूळ आहे, पण ती फ-३ आहे आणि फर्मा संख्यांचा एक गोड गुण असा, की कोणत्याही दोन एकमेकींशी सहमूळ असतात, म्हणजे १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नसतो. कारण ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ = ४२९४९६७२९५, आपल्या संख्येहून बरोबर २ ने कमी. म्हणजे २५७ ने भागलं की बाकी २ उरणार, हे न भागताच कळतं. तेव्हा भागून बघण्याजोगी पहिलीच संख्या ६४१ आणि तिथेच भाग जातो!

आणि भागाकारही करायची गरज नाही. ६४१ = ५ × १२८ + १, तसंच ६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ घालता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. एवढी आटोपशीर सिद्धता अंकगणितात क्वचित सापडते. दरवेळी फळ्यावर लिहिताना मजा येते.

राहिला दुसरा अवयव ६७००४१७. तो मूळ आहे हे कशावरून? बहुतेक ठिकाणी ‘मूळ आहे’ म्हणून सोडून देतात, पण हे हाताने तपासता येतं. त्याचे विभाजक आपल्या संख्येचेही विभाजक, त्यामुळे तेही १२८क + १ याच साच्याचे. ६७००४१७ चं वर्गमूळ २५८९ च्या आतलं, म्हणजे क ला २० पर्यंत जायचं. त्या वीस संख्यांत मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाकीच्या लहान अवयवांनी फुटतात, उदाहरणार्थ १५३७ = २९ × ५३ आणि १९२१ = १७ × ११३. २५७ आधीच बाद झाली. उरलेल्या चारांनी भागल्यावर बाक्या येतात ४४, १२०, ३३४, ६२२. चार भागाकार आणि काम संपलं. १८१२ मध्ये लंडनला झेरा कोलबर्न नावाच्या आठ वर्षांच्या अमेरिकन मुलाला हीच संख्या दिली होती आणि त्याने तोंडी हेच दोन अवयव सांगितल्याची नोंद आहे. त्याला हा साचा माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो मुलगा वेगळ्याच मातीचा होता.

अवयव हातात आले की तुमच्या प्रश्नातली निम्मी विशेषणं फुकटात मिळतात. संख्या विषम. संयुक्त. अर्धमूळ, म्हणजे दोन मूळ संख्यांचा गुणाकार. वर्गमुक्त, कारण कोणताही मूळ अवयव दोनदा आलेला नाही. विभाजक चारच: १, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून विभाजकांची बेरीज ६७०१०५९. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच भरते, इथे ती संख्येच्या ६४० व्या भागाइतकीही नाही. म्हणून ही न्यून संख्या आणि न्यून म्हणजे चांगलीच न्यून. १ पासून तिच्यापर्यंतच्या ज्या संख्या तिच्याशी सहमूळ आहेत त्या ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४०. शेजाराबद्दल विचाराल तर खालच्या बाजूची सर्वांत जवळची मूळ संख्या ४२९४९६७२९१ (२^३२ − ५) आणि वरच्या बाजूची ४२९४९६७३११ (२^३२ + १५).

आता ज्या वर्गीकरणात मला खरंच रस आहे ते: दोन वर्गांची बेरीज. ४२९४९६७२९७ = ६५५३६² + १², हे तर घडणीतच दिसतं. पण तिचं दुसरंही एक रूप आहे: ६२२६४² + २०४४९². कागदावर करून बघा, ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१, बेरीज बरोबर जुळते. हे दुसरं रूप काढायला ब्रह्मगुप्ताची ‘भावना’ लागते. इ.स. ६२८ मधल्या त्याच्या ग्रंथात हे सूत्र याहून व्यापक रूपात आहे. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो आणि तोही दोन तऱ्हांनी. इथे ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९². मग २५ × २५५६ = ६३९०० आणि ४ × ४०९ = १६३६; त्यांची बेरीज ६५५३६, वजाबाकी ६२२६४. दुसऱ्या जोडीत २५ × ४०९ = १०२२५ आणि ४ × २५५६ = १०२२४; वजाबाकी १, बेरीज २०४४९. १०२२५ आणि १०२२४ इतके जवळ येतात म्हणूनच तो १ मिळतो आणि म्हणूनच ही संख्या २^३२ ला इतकी चिकटून बसते.

हेच उलट दिशेने चालवलं तर अवयव काढायची ऑयलरची पद्धत मिळते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता आली तर ती एकाच तऱ्हेने लिहिता येते. दोन तऱ्हा सापडल्या की ती संयुक्त, चर्चा बंद. आणि अवयवही हाती येतात: ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि २०४४९ + १ = २०४५०. या दोघांचा मसावि ८१८. भागलं की उरतात ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज ६४१. आहे की नाही!

आता ‘बहुधा मूळ’. फर्माचाच छोटा सिद्धांत सांगतो, की न ही २ सोडून कोणतीही मूळ संख्या असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ येते. उलट बाजू मात्र खरी नाही. काही संयुक्त संख्याही ही परीक्षा पास होतात, त्यांना त्या पायाच्या (ज्या संख्येचे घात घेतले तो पाया, इथे २) छद्ममूळ संख्या म्हणतात. आपली संख्या २ या पायाला छद्ममूळ आहे आणि तीही योगायोगाने नाही, घडणीमुळे. न − १ = २^३२ आहे, म्हणजे २ पासून सुरू करून ३२ वेळा वर्ग करायचा. २, ४, १६, २५६, ६५५३६, मग २^३२. पाच वर्गांत आपण −१ वर पोचलो, सहावा वर्ग केला की १ आणि पुढे शेवटपर्यंत १ च. प्रत्येक फर्मा संख्या २ च्या परीक्षेत अशीच पास होते, मूळ असो वा नसो. अधिक कडक समजली जाणारी मिलर-राबिन परीक्षाही २ या पायाला तिला पकडू शकत नाही, कारण ती नेमकी त्या −१ वरच समाधान मानते. तुमच्या त्या साधनाने बहुतेक फक्त २ चाच पाया घेतला असणार.

इथे माझी एक जुनी फजिती सांगण्याजोगी आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी छोट्या सिद्धांताची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम लिहिला होता, ६४ बिटांचे खण वापरून. ही संख्या टाकली, पाया २. उत्तर आलं ‘संयुक्त’. मी खूश. दोन दिवसांनी हिशेब कागदावर केला तेव्हा लक्षात आलं की प्रोग्रॅमने ‘पास’ म्हणायला हवं होतं. झालं असं, की पाचव्या वर्गानंतर हातात २^३२ होतं. सहावा वर्ग म्हणजे २^६४ आणि ६४ बिटांच्या खणात २^६४ म्हणजे शून्य. भागाकार करायच्या आधीच संख्या सांडली होती. पुढचे सगळे वर्ग शून्याचे, शेवटी १ च्या जागी ०, म्हणून ‘संयुक्त’. निकाल बरोबर, कारण पूर्ण चूक. तेव्हापासून मी प्रोग्रॅम तपासायला मुद्दाम हीच संख्या वापरतो, ती बत्तीस बिटांतही सांडते आणि चौसष्ट बिटांतही.

तिला पकडायचं असेल तर पाया ३ घ्यावा. पेपाँने १८७७ मध्ये दाखवलं, की (फ-० सोडून) फर्मा संख्या मूळ असेल तर आणि तरच ३^((न−१)/२) ची बाकी −१ येते. आपल्या संख्येसाठी याचा अर्थ ३ पासून सुरू करून ३१ वेळा वर्ग करत, दरवेळी बाकी घेत जायचं. ती मूळ असती तर शेवटी ४२९४९६७२९६ यायला हवं होतं. येतं १०३२४३०३. इथे ‘बहुधा’ला जागा नाही, परीक्षा दोन्ही बाजूंनी पक्की आहे. मात्र ती अवयव सांगत नाही, फक्त ‘मूळ नाही’ म्हणते. कार्मायकल संख्या, म्हणजे सहमूळ असलेल्या प्रत्येक पायाला फसवणाऱ्या, त्यांत आपली संख्या बसत नाही. त्यासाठी निदान तीन मूळ अवयव लागतात, इथे दोनच आहेत.

कंपास आणि पट्टीने काढता येणारे सुसम बहुभुज हाही फर्मा संख्यांशी जोडलेला विषय. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवलं, बाजूंच्या संख्येचे विषम मूळ अवयव वेगवेगळ्या फर्मा संख्याच असतील तरच बहुभुज काढता येतो, ही उलट बाजू वान्त्झेलने १८३७ मध्ये पक्की केली. गंमत अशी की ४२९४९६७२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो (पाचही फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार), ४२९४९६७२९६ बाजूंचाही येतो (नुसता २ चा घात), पण ४२९४९६७२९७ बाजूंचा नाही, कारण ६४१ ही मूळ असली तरी फर्मा संख्या नाही.

त्रिकोणी संख्या आहे का? आठपट करून १ मिळवा, पूर्ण वर्ग आला तर त्रिकोणी. इथे येतं २^३५ + ९. हा क्ष² असेल तर (क्ष − ३)(क्ष + ३) = २^३५, म्हणजे दोन्ही कंस २ चे घात आणि त्यांच्यात ६ चा फरक. अशी जोडी एकच, २ आणि ८, गुणाकार १६. तेव्हा नाही. याच युक्तिवादाने ३ सोडून कुठलीही फर्मा संख्या त्रिकोणी नसते.

शेवटी अंकांवरची विशेषणं. याद्यांमध्ये हीच सर्वांत जास्त दिसतात, पण माझ्या लेखी ती अंगच्या खुणा नाहीत, अंगावरचे कपडे आहेत. दशमान सोडून दुसऱ्या पद्धतीत लिहिलं की बदलतात. तरी विचारलंय म्हणून: अंकांची बेरीज ५९. बेरजेने संख्येला निःशेष भाग गेला तर द. रा. कापरेकरांच्या भाषेत ती हर्षद संख्या. इथे ५९ हा विभाजकच नाही, चारांच्या यादीत नाही, म्हणून हर्षद नाही. स्मिथ संख्याही नाही, कारण मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज ३६ येते, ५९ नाही. कापरेकरांची स्वयंभू संख्या? म्हणजे कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती. शेवटचे दोन अंक अ आणि ब असलेली ४२९४९६७२अब घ्या. आधीच्या आठ अंकांची बेरीज ४३, म्हणून ४३ + ११अ + २ब = ९७, म्हणजे ११अ + २ब = ५४. अ = ४, ब = ५. पडताळा: ४२९४९६७२४५ च्या अंकांची बेरीज ५२ आणि २४५ + ५२ = २९७. जनक सापडला, तेव्हा स्वयंभूही नाही. द्विमान पद्धतीत मात्र रूप देखणं आहे: १, मग एकतीस शून्यं, मग १. दोन्ही बाजूंनी सारखंच वाचता येतं. एक हा अंक दोनदा, म्हणजे सम वेळा येतो म्हणून इंग्रजीत कोटी करून अशा संख्यांना ‘ईव्हिल’ म्हणतात. गणितात त्यावाचून काही अडत नाही.

फर्माचं काय झालं, असंही कुणी विचारेल. फ-४ नंतर आजवर एकही मूळ फर्मा संख्या सापडलेली नाही. फ-५ पासून फ-३२ पर्यंत सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत, त्यांत फ-२० आणि फ-२४ यांचा एकही अवयव माहीत नाही. फ-३३ चं उत्तर अजून कुणाकडेच नाही, तिला अडीचशे कोटींहून जास्त अंक आहेत.

तुमच्या प्रोग्रॅमपुरतं: संख्या ६४ बिटांत ठेवा, गुणाकार १२८ बिटांत करा, पाया २ बरोबर ३ ही घ्या आणि ३ पासून एकेक वर्ग छापत जा. एकतिसाव्या वर्गानंतर पडद्यावर १०३२४३०३ यायला हवं. दुसरं काही आलं तर त्याला ६४१ ने भागा. बाकी ३५७ नसेल तर गुणाकार अजूनही कुठेतरी सांडतोय.